टोलनाक्यापलीकडचं वन बीएचके

‘मेट्रो स्टेशनपासून फक्त ५ मिनिटं!’

काशीमिऱ्याच्या नाक्यावर सिग्नलला थांबलात की अशी एखादी पाटी हमखास दिसते. पाटीवर एक छान गुळगुळीत कुटुंब. आई, बाबा, दोन मुलं आणि एक गुबगुबीत कुत्रा. सगळे उगाचच आनंदात. ही पाच मिनिटं पायी की बाइकवर, सकाळी आठला की रात्री दोनला, आणि मध्ये हायवे ओलांडायचा की नाही, याबद्दल मात्र पाटी गप्प!

पण पाटी काम करते, हे मान्य करायलाच हवं. आमच्या ऑफिसातल्या कॉफी मशीनपाशी हल्ली ‘काशीगाव’ हा शब्द क्रिकेटपेक्षा जास्त ऐकू येतो. लग्न ठरलेले, लग्न झालेले, भाड्याच्या घराचा तिसरा करार संपत आलेले, सगळ्यांचा सवाल एकच. बोरिवली हातातून गेलं, दहिसरही गेलं. मग काशीगाव तरी घेऊन टाकायचं का?

तर मंडळी, आज आपण हाच विषय घेऊ. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर तेवढा उघडून ठेवा.

आधी थोडा भूगोल

दहिसर टोलनाका ओलांडला की मुंबई संपते आणि ठाणे जिल्हा सुरू होतो. (१४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झालाय. त्यामुळे मुंबई सोडताना खिसा वाचतो, ट्रॅफिक मात्र वाचत नाही.) महामार्ग सोडून मीरा-भाईंदर रस्ता जिथे वळतो, तिथे काशीमिरा नाका. काशीगाव त्याच्याच कुशीत. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हिरव्या टेकड्या, दुसऱ्या बाजूला टॉवरचं जंगल. मीरा रोड स्टेशन मात्र लांब. रिक्षा किंवा बसशिवाय गत्यंतर नाही. गेली कित्येक वर्षं काशीगावातली घरं स्टेशनजवळच्या घरांपेक्षा स्वस्त पडायची, त्याचं मुख्य कारण हेच. लोकलच्या शहरात घराची किंमत स्टेशनपासूनच्या अंतरावर ठरते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मीरा-भाईंदर हे तसं ताजं शहर. १९८५मध्ये नगरपरिषद, २००२मध्ये महापालिका. २००१च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती. २०११मध्ये ती ८ लाखांच्या पुढे गेली. दहा वर्षांत जवळजवळ तीन लाख माणसं वाढली. ही माणसं आली कुठून? बरीचशी मुंबईतूनच. कुणी गिरगावची दीड खोली सोडून, कुणी परळ-लालबागची चाळ सोडून, कुणी अंधेरीत भावाबरोबर घर वाटून घेता येईना म्हणून. मुंबईत न मावलेल्या मध्यमवर्गाने हे शहर भरलं. टोलनाक्यापलीकडे ‘स्वतःचं’ मिळतं, ही त्या पिढीची श्रद्धा होती. आणि त्या काळी ती खरीही होती.

मेट्रोचं मीठ

१८ डिसेंबर २०१८ला कल्याणमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दहिसर–मीरा-भाईंदर मेट्रोचं, म्हणजे मेट्रो ९चं भूमिपूजन झालं. त्यानंतर सहा वर्षांहून जास्त काळ मीरा-भाईंदर रस्त्यावर पत्रे, खड्डे आणि खांब. मेट्रोच्या खालीच उड्डाणपूलही बांधायचा घाट घातल्यामुळे खांब डबल डेकर! अखेर मे २०२५मध्ये दहिसर ते काशीगाव या पहिल्या टप्प्यात चाचणीची गाडी धावली. दहिसर पूर्व, पांडुरंगवाडी, मिरागाव, काशीगाव अशी स्टेशनं. ज्या गावाला कधी रेल्वे स्टेशन मिळालं नाही, त्याच्या नावाचं मेट्रो स्टेशन झालं. भाव खाणारच ना!

इथे एक गोष्ट समजून घ्या. मेट्रो धावते तेव्हाच घर महाग होतं असं नाही. घोषणा झाली की भावात चिमूटभर मीठ पडतं, खांब उभा राहिला की आणखी थोडं, चाचणीची गाडी गेली की मूठभर. तुम्ही जेवायला बसता तोवर मीठ पुरेसं पडलेलं असतं. तेव्हा ‘मेट्रोमुळे भाव अजून डबल होतील’ असं कुणी सांगितलं, तर त्याला एवढंच विचारा, ‘मग तुम्ही का विकताय?’

दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा. ही मेट्रो *माझ्या* ऑफिसला जाते का? मेट्रो ९ दहिसर पूर्वला मेट्रो ७ आणि २ए यांना जोडलेली. गोरेगाव, जोगेश्वरी, अंधेरी इथे ऑफिस असेल, तर बॉस, तुमची लॉटरी आहे. बीकेसीला असेल तर ऐका. दहिसरहून मेट्रो ७ने गुंदवली, तिथून चालत मेट्रो १च्या डब्ल्यूईएच स्टेशनला, मग मरोळ नाक्याला उतरून मेट्रो ३. जाता येतं, एसीत जाता येतं, पण तीन गाड्या बदलून ‘पाच मिनिटं’ राहत नाहीत. लोअर परळवाल्यांनी तर लोकलचा फर्स्ट क्लासचा पास इतक्यात फाडू नये.

घेतलं साठ, फेडलं एकशेवीस

आता गणित. आकडे मी हिशेबाला सोपे घेतलेत. तुमच्या बिल्डिंगचे आकडे तुम्ही टाका, पद्धत तीच.

समजा, वन बीएचके, करारातली किंमत ७५ लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच पैसे देऊ शकते. म्हणजे ६० लाख बँकेचे, १५ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क साधारण सहा-सात टक्के, म्हणजे पाच लाखांच्या आसपास. (घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत. ही २०२१पासून आहे. नवरोबा, विचार करा!) नोंदणी फी ३० हजार. ही रक्कम बँक घराच्या किमतीत धरत नाही, ती खिशातूनच. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर असेल तर वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी पावणेचार लाख. थोडक्यात, किल्ली हातात यायच्या आधी २० लाख रोख हवेत. पंखे, पडदे, किचन ट्रॉली यांचं नावही अजून काढलेलं नाही.

६० लाखांचं कर्ज, ८ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता येतो ५० हजार २०० च्या आसपास. २० वर्षांत फेड होते सुमारे १ कोटी २० लाख. घेतलं साठ, फेडलं एकशेवीस!

दोघं मिळून महिन्याला एक लाख हातात आणणारं जोडपं धरा. अर्धा पगार हप्त्यात. जगभरच्या शहरांची तुलना करणारी ‘डेमोग्राफिया’ची पाहणी घराच्या किमतीला वार्षिक उत्पन्नाने भागते. उत्तर तीनच्या आत आलं तर घर परवडणारं, पाचच्या वर गेलं तर फार महाग. आपल्या जोडप्याचं उत्तर येतं सव्वासहा. आणि ही मुंबईची गोष्ट नव्हे, टोलनाक्यापलीकडची आहे.

सरकारदरबारी ‘परवडणारं घर’ कशाला म्हणतात ठाऊक आहे? जीएसटीच्या १ टक्का सवलतीसाठी एप्रिल २०१९पासून मुंबई महानगर प्रदेशात व्याख्या अशी की, कार्पेट ६० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत. साठ मीटर म्हणजे ६४६ चौरस फूट. एवढ्या जागेचं नवं घर ४५ लाखांत काशीगावात शोधायला निघालात तर बरोबर डबा घेऊन जा, संध्याकाळ होईल.

पैशाचं भाडं

‘भाडं म्हणजे पैसे पाण्यात.’ हे वाक्य प्रत्येक मराठी घरात किमान एका काकांच्या तोंडी असतंच. लग्नाच्या जाहिरातीत ‘स्वतःचा फ्लॅट’ हे दोन शब्द पगाराच्याही आधी येतात. त्यामुळे भाड्याने राहणारा मुलगा म्हणजे अजून ‘सेटल’ न झालेला.

काकांना नमस्कार करून पुढचा आकडा बघा. त्या ६० लाखांच्या कर्जाचा पहिला हप्ता ५० हजारांचा. त्यात व्याज किती? ४० हजार. मुद्दल फक्त दहा हजार! म्हणजे तुम्ही घराचं भाडं देणं थांबवलंत आणि बँकेला *पैशाचं* भाडं द्यायला लागलात. तेच घर समजा २० हजारांनी भाड्याने मिळत असेल, तर पैशाचं भाडं घराच्या भाड्याच्या दुप्पट झालं. हेही पाण्यातच ना?

पूर्ण वर्षाचा हिशेब मांडू. व्याज ४ लाख ८० हजार. मेन्टेनन्स महिना तीन हजार धरून ३६ हजार. तुमचे २० लाख साध्या एफडीत साडेसहा टक्क्यांनी राहिले असते तर मिळाले असते १ लाख ३० हजार, ते गेले. बेरीज ६ लाख ४६ हजार. यातून वाचलेलं भाडं २ लाख ४० हजार वजा करा. उरले ४ लाख ६ हजार. ७५ लाखांच्या घरावर हे झाले जवळजवळ साडेपाच टक्के. म्हणजे पहिल्या वर्षी घराची किंमत एवढी वाढली, तर तुम्ही आणि भाडेकरू बरोबरीत! त्याहून जास्त वाढली तर जिंकलात.

घाबरू नका. दरवर्षी व्याज थोडं घटतं आणि भाडं वाढत जातं, त्यामुळे वर्षं सरतील तसं गणित घरमालकाच्या बाजूला झुकतं. म्हणूनच दहा-पंधरा वर्षं राहणाऱ्याला घर फायद्याचं आणि तीन वर्षांत बंगळुरूला ट्रान्सफर घेणाऱ्याला तोट्याचं. टॅक्समध्ये वाचेल म्हणाल, तर नव्या कररचनेत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. जुन्यात मिळते. तुम्ही कुठल्या रचनेत आहात, ते आधी एचआरला विचारा.

आणि हप्ता कायम तोच राहील या भ्रमात राहू नका. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२च्या सुरुवातीला ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३मध्ये साडेसहा झाला. २०२५मध्ये चारदा कपात होऊन डिसेंबरात तो ५.२५ टक्क्यांवर आला. दर चढत होते तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला, पण २० वर्षांचं कर्ज गुपचूप २५-३० वर्षांवर गेलं. बँकेच्या त्या ईमेल कुणी उघडल्याच नाहीत.

अकरा महिन्यांचं कोडं

बरं, भाड्याने राहायचं ठरवलं. मग अकराच महिने का?

याचं मूळ १९४७च्या मुंबई भाडे कायद्यात. त्याने जुनी भाडी गोठवली आणि भाडेकरूला घरातून काढणं जवळपास अशक्य केलं. दक्षिण मुंबईत आजही पगडीच्या घरांत भाडं वाचून हसू येतं, ते त्यामुळे. घरमालकांनी त्याचा असा धसका घेतला की ‘भाडेकरू’ हा शब्दच टाळला. आला ‘लिव्ह अँड लायसन्स’. ११ महिन्यांचा कागद असेल तर नोंदणी लागत नाही, हा समज त्याच काळचा.

पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ येऊन जमाना झाला. त्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून गंमत म्हणजे करार नोंदवलेला नसेल आणि भांडण झालं, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत!

खर्च? २० हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, ११ महिने. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्के मानीव व्याज यांच्या पाव टक्का. हिशेब करा, सहाशे रुपयांच्या आत येतं. वर शहरी भागात नोंदणी फी एक हजार. ऑनलाइन करता येतं. तेव्हा एजंटने ‘अॅग्रीमेंटचे सात हजार’ म्हटलं, तर सरकारी पावती दाखवा म्हणा. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

‘फॅमिली ओन्ली’

परवडण्याचा आणखी एक कोपरा आहे, तो कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये बसत नाही. माझी एक मैत्रीण, कमावती, तिशीतली, एकटी. या पट्ट्यात तिने नऊ घरं पाहिली. भाडं तिला परवडत होतं, डिपॉझिट तयार होतं. फोनवर पहिला प्रश्न ‘फॅमिली आहे का?’, दुसरा ‘नॉनव्हेज खाता का?’, तिसरा आडनाव. चौथा प्रश्न विचारायची वेळच यायची नाही. शेवटी जे घर मिळालं ते चार हजारांनी महाग. हा चार हजारांचा फरक म्हणजे एकटं असण्याचा कर! कुणी तो आडनावापायी भरतो, कुणी धर्मापायी, कुणी बोंबलापायी. एका कोळी-आगरी मुलखात बोंबील खाल्ल्याबद्दल घर नाकारलं जावं, याला काय म्हणायचं?

काही सोसायट्या घर भाड्याने देणाऱ्या सभासदाकडून मनाला येईल तो चार्ज घेतात आणि मालक तो भाड्यात चढवतो. राज्य सरकारच्या २००१च्या आदेशानुसार हे बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. एवढं वाक्य पाठ करा. कमिटीच्या मीटिंगमध्ये उपयोगी पडतं.

आणि जरा हायवेपलीकडे बघा. माशाचा पाडा, मांडवी पाडा. तुमच्या टॉवरचा वॉचमन, पोळ्यांच्या मावशी, तुमचं पार्सल आणणारा पोरगा, अशांच्या खोल्या अशाच पाड्यांत आणि चाळींत असतात. टॉवरचं भाडं दोन हजारांनी वाढलं की आपण मॅनेज करतो. खोलीचं भाडं पाचशेने वाढलं की मावशींना आणखी एक घर धरावं लागतं. आणि तेही झेपलं नाही तर त्या नायगाव-नालासोपाऱ्याकडे सरकतात. आपण बोरिवलीहून सरकलो, तशाच.

मग करायचं काय?

माझं स्पष्ट मत विचाराल तर काशीगावात घर घ्यायचं मनात असेल, तर आधी वर्षभर काशीगावात भाड्याने राहा. त्याच रस्त्यावर, जमलं तर त्याच बिल्डिंगमध्ये. एक पावसाळा बघा, एक मे महिना बघा. सोमवारी सकाळी ऑफिस गाठा आणि शुक्रवारी रात्री परत या. घरमालक ब्रोकरला सांगत नाही ते शेजारच्या वहिनी लिफ्टमध्ये सांगतात.

‘पण तोवर भाव वाढले तर?’ वाढतीलही. पाच टक्के वाढले तर ७५ लाखांवर पावणेचार लाख. पण घाईत चुकीचं घर घेतलं आणि दोन वर्षांत विकायची वेळ आली, तर मुद्रांक शुल्काचे पाच लाख परत मिळत नाहीत, ब्रोकरेज दोनदा जातं. थांबण्याची किंमत तुम्हाला माहीत आहे, घाईची नाही.

आणि घ्यायचंच ठरलं, तर हे फ्रीजवर चिकटवा:

• कार्पेट विचारा. १ मे २०१७पासून रेरा लागू आहे, नव्या प्रकल्पात विक्री कार्पेटवरच. रिसेलवाला ‘साडेसहाशेचा फ्लॅट’ म्हणाला तर टेप घेऊन जा.

• महारेरा नंबर वेबसाइटवर तपासा. करार नोंदवण्याआधी बिल्डर १० टक्क्यांहून जास्त पैसे मागू शकत नाही.

• ओसी आहे का? भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर कितीही स्वस्त असो, पुढे चला. ‘दोन महिन्यांत येतंय’ हे दहा वर्षं सांगणारे लोक आहेत.

• पाणी. मेन्टेनन्सचं बिल मागा आणि टँकरचा खर्च शोधा. सूर्या योजनेतून मीरा-भाईंदरसाठी रोज २१८ दशलक्ष लिटर पाणी ठरलेलं आहे. योजनेत काय ठरलंय ते नंतर वाचा, तुमच्या नळाला किती वाजता आणि किती वेळ पाणी येतं ते आधी विचारा. विरार-बोळिंजमध्ये म्हाडाची हजारो घरं वर्षानुवर्षं ग्राहकाची वाट बघत पडून होती, त्यामागचं एक मोठं कारण पाणीच होतं.

• ट्रान्सफर फी. रिसेलमध्ये सोसायटीला द्यायचं हस्तांतर प्रीमियम महापालिका हद्दीत कमाल २५ हजार. ‘डोनेशन’ नावाचा प्रकार ऐच्छिक असतो, हे सेक्रेटरींना हसतमुखाने सांगा.

• हप्ता पगाराच्या ४० टक्क्यांत बसवा, आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय सही करू नका. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर काय, हा प्रश्न पिंक स्लिप आल्यावर विचारायचा नसतो.

आपल्या आईवडिलांनी टोलनाक्यापलीकडे घर घेतलं तेव्हा त्यांना लांबचा प्रवास पडला, पण पगार हप्त्याच्या पुढे पळत होता. आपल्याला एसी मेट्रो मिळते, आणि हप्ता पगाराच्या पुढे पळतो. त्यामुळे त्यांचा सल्ला प्रेमाने ऐका, पण गणित स्वतःचं करा. काकांनी पुन्हा ‘अजून भाड्यानेच का रे?’ विचारलं, तर सांगा, ‘हो काका, घर भाड्याने घेतलंय. पैसे भाड्याने घ्यायचे का, ते अजून ठरतंय.’